दुसऱ्या वर्षाचे स्पॅनिश : घरी शिकणाऱ्या मुलाची तयारी कशी ओळखावी

शाळेत पुस्तकाचा शेवटचा धडा संपला की वर्ष संपले असे मानता येते, कारण तेथे परीक्षेचा दिवस आणि पुढच्या वर्गाचा पहिला दिवस दोन्ही आधीच ठरलेले असतात. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय पालकांवर येतो, आणि स्पॅनिशसारखी जी भाषा घरात, इमारतीत किंवा बाजारात कोणीच बोलत नाही तिच्या बाबतीत तो अधिकच अवघड होतो. माझ्या मुलीने चौदाव्या वर्षी पहिल्या वर्षाचे पुस्तक आठ महिन्यांत पूर्ण केले होते. स्वाध्याय बरोबर होते, वही नेटकी होती, म्हणून मी लगेच दुसऱ्या वर्षाचे पुस्तक तिच्या हाती दिले आणि पाचव्या आठवड्यात आम्ही दोघी अडकलो. ती रोज थोडी अधिक गप्प होत गेली, आणि तिचे लक्ष उडाले आहे असे मी समजत राहिले. प्रत्यक्षात पाया ओला असताना मीच त्यावर भिंत चढवली होती. पुढे तिच्याबरोबर मागे जाऊन सावकाश काम करताना, आणि नंतर ऐरोली, घणसोली व ठाण्यातील घरी शिकणाऱ्या आणखी काही मुलांबरोबर बसताना जे लक्षात आले, ते येथे लिहीत आहे.

प्रथम ‘वर्ष’ या शब्दाचा हिशेब करावा. पहिले वर्ष, दुसरे वर्ष ही विभागणी आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत अमेरिकेतील हायस्कुलांमधून आलेली आहे, आणि तेथे एका विषयाचे एक वर्ष म्हणजे सुमारे १२० तासांचे अध्यापन असे जुने परिमाण आहे. घरी आठवड्यातून तीनदा अर्धा तास असे चाळीस आठवडे नियमाने शिकवले, तरी बेरीज ६० तासांचीच होते. यात पालकांचा दोष काहीच नाही आणि घरी एकास एक शिकवताना तास अधिक फळाला येतात हेही खरे आहे. तरीही जूनमध्ये सुरू केले म्हणून पुढच्या जूनमध्ये दुसरे वर्ष सुरू झालेच पाहिजे, हा आग्रह या हिशेबानंतर राहू नये.

दुसऱ्या वर्षात काय येते हे पाहिले म्हणजे पहिल्या वर्षातील कोणती गोष्ट पक्की हवी ते आपोआप कळते. दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग भूतकाळाचा असतो, आणि स्पॅनिशमध्ये कर्ता बहुतेक वेळा उच्चारलाच जात नाही. कोण बोलते, कोण गेले, हे केवळ क्रियापदाच्या शेवटावरून कळते. मराठीतही ‘जातो’, ‘जातेस’, ‘जातात’ यांवरून कर्ता कळतो, त्यामुळे आपल्या मुलांना ही कल्पना नवी नसते. पण पुढील उदाहरण पाहावे. ‘आब्लो’ या शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर असेल तर अर्थ ‘मी बोलतो’ असा होतो, आणि तोच आघात शेवटच्या ‘ब्लो’वर गेला की अर्थ ‘तो बोलला’ असा होतो. लिहिताना शेवटच्या स्वरावर एक छोटी तिरकी रेघ येते, एवढाच फरक. शिवाय ‘आब्लामोस’ हे रूप ‘आम्ही बोलतो’ आणि ‘आम्ही बोललो’ या दोन्हींसाठी एकच आहे. ज्या मुलाला वर्तमानकाळाची रूपे अजून आठवून आठवून सांगावी लागतात, त्याच्या डोक्यात ही दोन थरांची रूपे एकमेकांवर पडतात आणि मग जे येत होते तेही डळमळते. माझ्या मुलीचे नेमके हेच झाले होते. म्हणून तयारीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निकष असा की वर्तमानकाळ शोधावा न लागता तोंडात आला पाहिजे.

हे तपासताना प्रश्न मराठीतून विचारावेत, असा माझा अनुभवाने झालेला ठाम आग्रह आहे. आपली मुले स्पॅनिश बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि नकळत प्रत्येक वाक्य इंग्रजीच्या साच्यातून नेतात. एका संध्याकाळी मी ओट्याशी डाळ धूत होते आणि मुलगी समोर आंबे पुसून टोपलीत ठेवत होती. ‘मला आंबे आवडतात’ हे मी तिला इंग्रजीत विचारले, तर तिने चटकन ‘यो गुस्तो मांगोस’ असे चुकीचे वाक्य केले. थोड्या वेळाने तेच मराठीत विचारले. ती थांबली, हातातल्या आंब्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘अगं आई, हे आपल्यासारखंच आहे की! मे गुस्तान लोस मांगोस.’’ आंबा एक असेल तर ‘मे गुस्ता एल मांगो’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. मराठीत ‘आवडतो’ आणि ‘आवडतात’ बदलते अगदी तसेच, कारण दोन्ही भाषांत क्रियापद आंब्याच्या मागे जाते आणि ‘मला’ बाजूला उभा राहतो.

अशा जागा आणखी आहेत आणि परीक्षेत त्या मुद्दाम घालाव्यात. ‘मी गाडी बघते’ आणि ‘मी भावाला बघते’ यांत माणसाला ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्येही ‘बेओ एल त्रेन’, पण ‘बेओ आ मि एर्मानो’, म्हणजे माणसापुढे एक ‘आ’ येतो. आजीला ‘तुम्ही कुठे राहता?’ विचारायचे तर ‘दोंदे बिबे उस्तेद?’ आणि मैत्रिणीला विचारायचे तर ‘दोंदे बिबेस?’, हा भेद मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. तेथला ‘तू’सुद्धा उच्चाराने आपल्या ‘तू’सारखाच आहे. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्या मुलाला विशेषण बदलण्याचे नवल वाटत नाही. फक्त नपुंसकलिंग नाही एवढे लक्षात ठेवावे लागते, आणि ‘ला मानो’ म्हणजे हात हा स्त्रीलिंगी, तर ‘एल दीआ’ म्हणजे दिवस हा पुल्लिंगी, अशा फसव्या शब्दांची वेगळी चाचणी घ्यावी लागते.

प्रत्यक्ष चाचणी मी अशी घेते. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबीर (राहणे), सेर आणि एस्तार (दोन्ही ‘असणे’), तेनेर (जवळ असणे), इर (जाणे), पोदेर (शकणे), केरेर (हवे असणे) आणि दोर्मिर (झोपणे) ही दहा क्रियापदे घेऊन रोजच्या बोलण्यातील वीस छोटी मराठी वाक्ये करावीत आणि ती दोन बैठकांत, कागद न देता, तोंडी विचारावीत. वाक्यांचा क्रम विस्कटलेला असावा. ‘मी झोपतो’ याला ‘दुएर्मो’ येते, पण ‘आम्ही झोपतो’ याला ‘दोर्मिमोस’, कारण ‘आम्ही’च्या रूपात मधला स्वर फुटत नाही, ‘मी करू शकतो’ याला ‘पुएदो’ आणि ‘आम्ही करू शकतो’ याला ‘पोदेमोस’. ‘मी चौदा वर्षांचा आहे’ याला ‘तेंगो कातोर्से आन्योस’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे चौदा वर्षे आहेत’, आले पाहिजे. वीसपैकी सोळा वाक्ये अडखळण्यावाचून आली आणि उरलेल्या चारांत क्रियापदाच्या चुका दोनाहून अधिक नसल्या, तर मी तो भाग पक्का धरते. हा आकडा माझ्या अनुभवातून ठरलेला आहे आणि कोणी सतरा किंवा पंधरा धरला तरी बिघडत नाही. मात्र अडखळणे मोजले पाहिजे. अर्धे मिनिट विचार करून दिलेले बरोबर उत्तर कागदावर पूर्ण गुणांचे असले, तरी दुसऱ्या वर्षासाठी ते अपुरे आहे.

यानंतर तीन मिनिटांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. विषय साधा असावा : आज सकाळपासून काय काय करते, घरात कोण कोण आहे, रविवारी काय करणार आहे. तयारीला वेळ देऊ नये. मग ते बोलणे मुलानेच ऐकून जसेच्या तसे उतरवून काढावे आणि जेथे जेथे थांबणे झाले तेथे खूण करावी. या खुणांमध्ये पालकांनी एक भेद करावा. ‘कोथिंबीर’ किंवा ‘शिकवणी’ यांसाठी शब्द न सुचल्यामुळे झालेले थांबणे निरुपद्रवी आहे. शब्दसंग्रह आयुष्यभर वाढत राहतो. क्रियापदाच्या शेवटापाशी, ‘सेर’ की ‘एस्तार’ या निवडीपाशी किंवा लिंगापाशी होणारे थांबणे मात्र पहिल्या वर्षाचे काम बाकी असल्याचे सांगते. उच्चारांकडे येथे फार लक्ष देण्याची गरज नाही. ‘टोमाटे’ ऐवजी ‘तोमाते’ म्हणायला सांगितले की मराठी जीभ त्या दंत्य उच्चारावर सहज परतते.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांबद्दल मराठी आपल्याला मदत करत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच ‘आहे’ आहे. म्हणून या जोडीची परीक्षा भाषांतराने घेण्यापेक्षा डोळ्यांपुढच्या दृश्यावरून घ्यावी. हिवाळा संपत आला की आमच्या बाजूच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरलेले असतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नोंदला गेला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून होडीने ते पाहता येतात. स्पॅनिशमध्ये या पक्ष्याला ‘फ्लामेंको’ म्हणतात आणि त्या नावाचा नाचही आहे, त्यामुळे मुले तो शब्द एकदा ऐकला की विसरत नाहीत. होडीत बसून मी मुलीला दिसेल ते सांगायला सांगितले. ‘‘लोस फ्लामेंकोस सोन रोसादोस,’’ ती म्हणाली, म्हणजे ते गुलाबी आहेत, आणि ‘सोन’ बरोबर होते. पुढे ‘‘सोन एन एल आग्वा’’ असे म्हणता म्हणताच तिने ओठ मिटले आणि स्वतःशीच म्हणाली, ‘‘नाही, एस्तान. एस्तान एन एल आग्वा.’’ पक्ष्यांचा रंग हा त्यांचा गुण, म्हणून ‘सेर’; ते पाण्यात उभे आहेत ही त्यांची जागा, म्हणून ‘एस्तार’. मी काहीच बोलले नव्हते. त्या दिवशी मला खात्री वाटली की आता ही तयार आहे. चूक होऊ नये अशी अपेक्षा पहिल्या वर्षाअखेर करताच येत नाही. झालेली चूक कानाला खटकून ती आपली आपण दुरुस्त होते का, हे पाहावे.

लिखाणातही हेच पाहावे. मुलाने शब्दकोशाशिवाय सत्तर-ऐंशी शब्दांचे पत्र लिहावे, ते पालकांनी लाल शाईने न तपासता बाजूला ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मुलालाच शब्दकोश व वही देऊन तपासायला सांगावे. दहा चुकांपैकी सहा-सात त्याला स्वतःला सापडल्या तर फारच उत्तम. पालकांना स्पॅनिश येत नसले तरी ही चाचणी घेता येते, कारण पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाचा मजकूर शेजारी ठेवून आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या शिक्षकाला दाखवता येतो.

कानाची परीक्षा बहुतेक घरांतून राहून जाते. पहिल्या वर्षाच्या पातळीचा, पण मुलाने पूर्वी न ऐकलेला, दोन मिनिटांचा संवाद दोनदा ऐकवावा आणि काय कळले ते मराठीत सांगायला लावावे. स्पॅनिशमध्ये उत्तर मागू नये, कारण मग ऐकण्याची परीक्षा बोलण्याच्या परीक्षेत मिसळते. कोण, कोठे, केव्हा आणि कशाबद्दल एवढे चार धागे हाती लागले तर पुरेसे आहे.

या सर्व चाचण्यांपेक्षा अभ्यासात पडलेला एक खंड अधिक काही सांगून जातो. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि अभ्यास दहा-पंधरा दिवस आपोआप थांबतो. त्या सुट्टीनंतर उजळणी न करता वरची वीस वाक्ये पुन्हा विचारावीत. जे पंधरा दिवस न शिवता टिकले ते मुरलेले आहे. सुट्टीपूर्वी अठरा येत असत आणि नंतर अकराच आली, तर आधीचे यश पाठांतराचे होते असे समजावे आणि मुलावर रागावू नये.

आता निर्णयाचा खरा कठीण भाग येतो, कारण बहुतेक मुले सगळ्या बाजूंनी सारखी तयार नसतात. येथे कोणती उणीव बरोबर घेऊन पुढे जाता येते आणि कोणती नाही, हे ओळखावे लागते. व्याकरण पक्के आहे पण कान कच्चा आहे अशा मुलाला मी दुसरे वर्ष सुरू करून देते आणि रोज दहा मिनिटे ऐकणे स्वतंत्र ठेवते. कान सरावाने येतो आणि त्यासाठी पुस्तक थांबवण्याचे कारण नाही. शब्द कमी आहेत पण रूपे नीट येतात, तेही मूल पुढे जाऊ शकते. उलट, मालिका पाहून ज्याचा कान तयार झाला आहे, जे भराभर बोलते आणि पाहुण्यांसमोर कौतुक करून घेते, पण ‘एयोस किएरो’ म्हणून ‘त्यांना हवे आहे’ असे सांगते, म्हणजे ‘ते’ या कर्त्याला ‘मी’चे क्रियापद लावते, त्या मुलाला मी थांबवते. हे सांगताना पालकांना वाईट वाटते, कारण मूल हुशार दिसत असते आणि असतेही. पण भूतकाळाची रूपे आली की हीच उणीव सर्वांत महाग पडते, आणि किशोरवयीन मुलाला ‘मला भाषा येत नाही’ असे एकदा वाटले की ते वाटणे पुसायला वर्ष जाते.

मुलाला स्वतःला काय वाटते हेही विचारावे आणि त्याचे उत्तर हिशेबात धरावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपले कोठे अडते हे बहुधा ठाऊक असते. त्याला फक्त ते सांगण्याने कोणी नाराज होणार नाही याची खात्री हवी असते.

घराबाहेरचे मोजमाप हवे असेल तर युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांचा उपयोग होतो. त्यातील सर्वांत पहिली पातळी, ए-वन, म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, राहण्याचे ठिकाण, ओळखीची माणसे आणि जवळच्या वस्तू यांबद्दल प्रश्न विचारणे व उत्तरे देणे, आणि समोरचा सावकाश व स्पष्ट बोलत असेल तर साधा संवाद करणे. ही पातळी भक्कम असलेले मूल दुसऱ्या वर्षाला हात घालू शकते. स्पेनची इन्स्तितुतो सेर्वांतेस ही संस्था, जिचे केंद्र नवी दिल्लीत आहे, ‘देले’ नावाची परीक्षा घेते आणि अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ए-वनची स्वतंत्र शालेय आवृत्तीही असते. तिच्यात वाचन व लेखन मिळून ५० आणि श्रवण व संभाषण मिळून ५० असे गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही गटांत किमान ३० लागतात. म्हणजे एका बाजूच्या जोरावर दुसरी झाकता येत नाही, आणि हीच गोष्ट मला या परीक्षेत आवडते. प्रमाणपत्राला मुदत नसते. प्रत्यक्ष परीक्षेला बसवले नाही तरी नमुना प्रश्नपत्रिका घरी सोडवून घेण्याने चित्र स्पष्ट होते.

ज्यांचा विचार पुढे अमेरिकेतील महाविद्यालयांचा आहे त्यांनी आणखी एक पाहावे. तेथील अनेक महाविद्यालये एकाच परकीय भाषेची किमान दोन वर्षे मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अट तशीच आहे आणि तीन वर्षांची शिफारस आहे. अशा वेळी गुणपत्रकावर ‘दुसरे वर्ष’ लिहिण्याची घाई होते. तारखा, तासांची नोंद, ध्वनिमुद्रणे आणि पत्रांच्या जोड्या एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात, म्हणजे लिहिलेले वर्ष खरोखर झालेले आहे हे दाखवता येते.

मूल तयार नाही असे ठरले तर तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करू नये. त्याने मुलाचा उत्साह मरतो आणि मिळते फार थोडे. आठ ते दहा आठवड्यांचा मधला टप्पा आखावा, ज्यात नवे व्याकरण अजिबात नसेल. सोप्या भाषेतल्या छोट्या गोष्टी वाचाव्यात, त्या वर्तमानकाळातच पुन्हा सांगाव्यात, जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी घेताना यादी स्पॅनिशमध्ये करावी, वाशीच्या गाडीत बसल्यावर समोरच्या माणसांचे वर्णन हळू आवाजात करावे. ‘इर आ’ लावून पुढच्या गोष्टी सांगण्याचा सराव येथे फार उपयोगी पडतो, कारण ‘बोय आ कोमेर’, म्हणजे ‘मी जेवणार आहे’, यात वर्तमानकाळाचे रूपच पुन्हा पुन्हा घोटले जाते. आमच्या घरी या दहा आठवड्यांत जे साधले ते आधीच्या चार महिन्यांत साधले नव्हते.

तयार आहे असे ठरले तरी पहिले तीन आठवडे अजमावणीचे समजावेत आणि तसे मुलाला आधीच सांगून ठेवावे. मी त्यासाठी ठाण्याच्या पहिल्या गाडीची हकीकत वापरते. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्याला पोहोचली, ३४ किलोमीटर. निघाली म्हणजे ‘सालियो’, पोहोचली म्हणजे ‘येगो’, कारण या घडून संपलेल्या घटना आहेत. पण गाडीला चौदा डबे होते हे सांगताना ‘तेनीआ’ येते, कारण ते घटनेमागचे वर्णन आहे. मराठीत ‘काल आम्ही तलावपाळीला गेलो’ आणि ‘लहानपणी आम्ही तलावपाळीला जायचो’ यांत जो फरक आहे तोच ‘फुइमोस’ आणि ‘इबामोस’ यांत आहे, आणि तो मराठी मुलाला एका बैठकीत कळतो. एका जागी मात्र मराठी फसवते, तेथे सावध राहावे. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’ असे आपले क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये या तिन्हींना एकच ‘कोमी’ आहे, कारण तेथे खाणारा मीच आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा वर्तमानकाळाची तीच वीस वाक्ये विचारावीत. ती पूर्वीसारखीच येत असतील तर पुस्तक पुढे न्यावे. ती घसरली असतील तर त्या पानात खूण ठेवून पुस्तक महिनाभर कपाटात ठेवावे आणि गोष्टी, बाजाराची यादी व गाडीतले बोलणे पुन्हा सुरू करावे.